नऊ वर्षांच्या मुलासाठी मराठी पुस्तके सुचवावीत

सप्रेम नमस्कार,

आम्ही परदेशात राहतो आणि माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. घरी तो सहज मराठी बोलतो, आजीशी फोनवर अर्धा अर्धा तास गप्पा मारतो आणि इंग्रजीतील क्रिकेट व अवकाश या विषयांवरची जाड पुस्तके आपण होऊन वाचतो; मराठी पुस्तक हातात दिले की मात्र दुसऱ्या ओळीलाच त्याचा चेहरा उतरतो. गेल्या सुट्टीत पुण्याहून मी माझ्या लहानपणीची आवडती पुस्तके आणली, ती सगळी कपाटात तशीच आहेत. त्याला रुचतील आणि झेपतील अशी पुस्तके कृपया सुचवावीत. त्याची धाकटी बहीण चार वर्षांची आहे. तिच्यासाठीही काही असल्यास आनंद होईल.

— एक पालक

---

सप्रेम नमस्कार,

आपल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेतील पुस्तकांची पेटी मी सांभाळते, त्या अनुभवावरून लिहिते. आपल्या मुलाला वाचनाची नावड नाही. त्याची समज नऊ वर्षांची आणि देवनागरी वाचण्याचा वेग पहिलीतल्या मुलाचा आहे. सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या या चार शब्दांत एकच ‘र’ चार वेगळी रूपे घेतो, आणि ते ओळखता ओळखता वाक्याची सुरुवात मुलाच्या मनातून निसटते. सोपे पुस्तक द्यावे तर ते लहान बाळाचे म्हणून त्याला कमीपणा वाटतो, वयाचे द्यावे तर दमछाक होते.

शिवाय घरी तो ‘झाडं’, ‘पानं’, ‘केलं’ असे ऐकतो आणि पुस्तकात ‘झाडे’, ‘पाने’, ‘केले’ असे छापलेले असते. आपल्याला हा फरक जाणवतही नाही, पण परदेशात वाढणाऱ्या मुलाला ती जवळजवळ दुसरी भाषा वाटते. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ यांसारखी पुस्तके मला यासाठीच फार मोलाची वाटतात. ती आपल्या मुलाला नव्हे, मुलीला द्यावीत आणि तिला वाचून दाखवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. सोपे पुस्तक दादा म्हणून वाचण्यात कमीपणा राहत नाही.

त्याच्या स्वतःसाठी ‘चिंटू’पासून सुरुवात करावी. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका 1991 पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली. तिचे संग्रह आपल्या पेटीत आहेत. मोजक्या चौकटी, बोलीतली छोटी वाक्ये आणि शेवटी हसू, त्यामुळे एक पान पुरे करण्याचे समाधान त्याला मिनिटाभरात मिळेल. अवकाशाच्या आवडीसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तके विनामूल्य आहेत. तेथे वाचनाच्या चार पातळ्या आहेत, त्यांपैकी दुसरी निवडावी. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही महाजालावर मोफत वाचता येतात, पण अख्खा अंक पुढ्यात ठेवू नये. त्यातील एखादे कोडे किंवा विज्ञानाचे एखादे पान काढून द्यावे.

— ग्रंथपेटी, रविवारची शाळा

---

नमस्कार,

वरील सूचनांशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. आपण आणलेली जुनी पुस्तके कपाटात ठेवू नका, ती आपण वाचायची आहेत. माझ्या मुलीला मी भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ रोज रात्री वाचून दाखवत असे आणि त्यातील नायकाचे, फुरसुंगीच्या बन्याचे ‘ट्टॉक्’ करण्याचे काम तिचे होते. तेवढ्या एका शब्दासाठी तिची नजर पानावरून माझ्या बोटाच्या पुढे धावू लागली. काही आठवड्यांनी बन्याचे सगळे संवाद ती वाचू लागली, निवेदन माझ्याकडेच राहिले. वाचताना तिच्या चुका मी सुधारत नसे. आधी सुधारत असे, तेव्हा ती उठून जात असे.

— आणखी एक पालक

---

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

काल रात्री त्याने बहिणीला स्टोरीवीव्हरवरची एक गोष्ट वाचून दाखवली. दोन जोडाक्षरांशी तो अडला, तिने पुढचे चित्र पाहण्याचा हट्ट धरला, आणि अंदाजाने शब्द पुरा करून तो पुढे गेला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, मध्ये बोलले नाही. ‘चिंटू’चे दोन संग्रह या रविवारी आमच्यासाठी बाजूला ठेवता येतील का?