पुन्हा करून घ्याल असा एक प्रकल्प: तुमचे अनुभव लिहा

हाताने बनवायच्या प्रकल्पांच्या याद्या ढिगाने मिळतात. साहित्य, कृती, शेवटी हसऱ्या मुलांचा फोटो. समोर अख्खा वर्ग असताना तो प्रकल्प नेमका कुठे अडतो, हे मात्र त्यात कुठेच नसतं. म्हणून हे आवताण. शिक्षक, पालक, विद्यार्थी, कुणीही लिहा. अट एकच: एकदा करून सोडून दिलेला प्रकल्प नको. पुन्हा कराल असा सांगा, आणि दुसऱ्या वेळी त्यात काय बदललंत तेही लिहा.

सुरुवात मी करते. माझा प्रकल्प म्हणजे कागदावरचं सर्किट: जाड कागद, तांब्याची चिकटपट्टी, एलईडी आणि ३ व्होल्टचा बटण सेल. पट्टी वळवताना कापायची नाही, दुमडायची, हे आधीच सांगून टाकावं. पट्टीच्या खालच्या गोंदातून वीज जाईलच असं नसतं, त्यामुळे दोन तुकडे एकमेकांवर नुसते चिकटवले तर सर्किट तिथेच तुटतं.

दिवा लागला की बहुतेक जण थांबतात. मी आता तिथून सुरुवात करते. लाल एलईडी पेटलेला असताना त्याच्याशी समांतर एक निळा जोडायला सांगते. निळा पेटत नाही. ‘मॅडम, हा खराब आहे,’ असं सगळे एकमुखाने सांगतात. मग लाल काढायचा, की निळा लगेच लागतो! आता वर्गात खरी चर्चा सुरू होते. लालला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. लाल दिवा प्रवाह ओढू लागला की त्या छोट्या सेलचा दाब (व्होल्ट) उतरतो आणि निळ्यापुरता उरतच नाही. हे मी सांगत नाही, व्होल्ट मोजायचं मल्टिमीटर हातात देते.

एक सूचना हात जोडून: बटण सेल मोजून द्या, मोजून परत घ्या. लहान मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

नववीतला विद्यार्थी

मी शिक्षक नाही, चालेल ना? माझी आवडती म्हणजे साधी मोटर. वाइंडिंगच्या तारेचं वेटोळं, दोन सेफ्टी पिना, सेल आणि खाली चुंबक. आमच्या वर्गात निम्म्या मोटरी फिरायच्याच नाहीत, नुसत्या झुलायच्या. कारण तारेच्या दोन्ही टोकांचा वीज अडवणारा मुलामा सगळ्यांनी पूर्ण खरवडला होता. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्ध्या बाजूने. वेटोळं उभं धरायचं आणि टोकाची वरची बाजूच घासायची. प्रवाह सतत चालू राहिला तर अर्ध्या फेरीनंतर तोच जोर वेटोळ्याला मागे ढकलतो. अर्धी फेरी प्रवाह बंद राहिला तर वेटोळं स्वतःच्या वेगाने पुढे निघून जातं.

सरांनी हे आधी सांगितलं असतं तर माझी मोटर पहिल्याच तासाला फिरली असती. पण मग मी हे इथे लिहायला आलो नसतो, हेही खरं. आणि हो, मोटर अडकून राहिली तर तार आणि सेल दोन्ही तापतात, लगेच सोडवा.

कार्यानुभव शिक्षक

वा, बाळा, झकास लिहिलंस.

माझं मत: पुठ्ठा आणि सिरिंज यांच्यापुढे बाजारातली सगळी तयार किट फिकी. सुई नसलेल्या दोन सिरिंज, मधे सलाइनची नळी, आणि त्यावर चालणारा पुठ्ठ्याचा हात. पहिल्यांदा नळीत मुद्दाम हवाच ठेवू देतो. दट्ट्या दाबला की हात आधी हलत नाही, मग एकदम उसळतो. नंतर रंगीत पाणी भरायचं. एक बुडबुडा जरी राहिला तरी हात डगमगतो, आणि तो बुडबुडा हाकलण्यासाठी नळी उलटीसुलटी करणारी मुलं बघण्यासारखी असतात.

दुसऱ्या वर्षी मी वेगवेगळ्या मापांच्या सिरिंज दिल्या. ज्या बाजूच्या दट्ट्याचा व्यास दुप्पट, तिथे जोर चौपट, पण सरकणं एक चतुर्थांश. पास्कलचा नियम (कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो) फळ्यावर लिहून जे पोचत नाही ते बोटांना कळतं. पुठ्ठ्याबद्दल एवढंच: आतल्या नळ्यांची दिशा बघून कापा. नळ्यांच्या दिशेने पुठ्ठा ताठ राहतो, त्यांना समांतर रेघेवर सहज दुमडतो.

प्राथमिक शिक्षिका

सर, किटना एवढी नावं ठेवू नका. ज्या शिक्षिकेने कधी तार जोडलेली नाही तिला पहिल्या दिवशी सगळे सुटे भाग मोजून आलेले असले तर धीर येतो. माझं धोरण: पहिला तास किटप्रमाणे, दुसऱ्या तासाला किटमधला कृतीचा कागद काढून घ्यायचा. भाग तेच, वस्तू वेगळी.

रोबोटिक्स मंडळाचा मार्गदर्शक

प्रदर्शनात हमखास दिसणारी, सेन्सरने अडथळा ओळखणारी ‘अंधांसाठी काठी’ मी बंद केली. सेन्सर वाईट म्हणून नाही. काठी वापरणाऱ्या एकाही माणसाला मुलांनी काही विचारलेलं नसायचं, म्हणून. त्याच अल्ट्रासॉनिक (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने अंतर मोजणाऱ्या) सेन्सरचं आता आम्ही वर्गातल्या मुलांची उंची मोजायचं यंत्र करतो. वापरणारे समोरच असतात आणि तक्रारही लगेच करतात.

सेन्सर वर टांगायचा. ४० किलोहर्ट्झचा ध्वनी खाली जाऊन परत येतो, त्या वेळेला वेगाने गुणून २ ने भागायचं, आणि ते अंतर सेन्सरच्या उंचीतून वजा करायचं. वेग २० अंश सेल्सियसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भिंतीवर अचूक मोजणारं यंत्र डोक्यावर मात्र वाटेल ते आकडे देतं, कारण केस ध्वनी शोषतात आणि विखुरतात. मुलांनी बरेच उपाय केले: टोपी, ओले केस (हो, खरंच). शेवटी डोक्यावर आडवी सपाट पट्टी आली. हुशार मुलांचा गट इथे गप्प होतो आणि कातरकाम करणाऱ्यांना भाव येतो, म्हणूनही मला हा प्रकल्प आवडतो. तापमानाची दुरुस्ती मोठ्या मुलांना देतो: प्रत्येक अंशाला वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो.

तंत्रनिकेतनातील अध्यापिका

मातीतला ओलावा मोजणं. दोन धातूंच्या काड्यांचा सेन्सर वापरून बघा आणि तो मातीतच राहू द्या. काही दिवसांनी आकडे घसरू लागतात, कुंडीला पाणी असूनही. उपटून पाहिलं तर एक काडी खाल्लेली: सतत प्रवाह, ओली माती, म्हणजे विद्युत अपघटन, विजेमुळे धातू झिजणं. आमचे विद्यार्थी आता फक्त मोजण्याच्या क्षणापुरती वीज देतात. शिवाय पूर्ण कोरडी आणि पूर्ण भिजलेली माती आधी मोजून घेतात, नाहीतर सेन्सरने दाखवलेल्या ‘४१२’ या आकड्याला काही अर्थच नाही.

एक पालक

सगळं छान, पण याला गुण कसे देता? माझ्या मुलीचा पूल कोसळला आणि शेजारच्याचा बाबांनी बनवलेला उभा राहिला.

धागा सुरू करणारी

ताई, वस्तूला गुण देणं मी सोडलं. वहीत तीन रकाने: काय होईल असं वाटलं, काय झालं, मग काय बदललं. गुण तिसऱ्या रकान्याला. बाबांच्या पुलाचा तिसरा रकाना रिकामा असतो. सीमूर पॅपर्ट, मुलांसाठीच्या लोगो या संगणक-भाषेच्या जनकांपैकी एक, हेच म्हणत: प्रोग्रॅम बरोबर की चूक हे विचारू नका, तो दुरुस्त करता येईल का ते विचारा. पुलालाही ते लागू पडतं.

कार्यानुभव शिक्षक

तिसरा रकाना उचलतोय. एक भर घालतो: तासाची शेवटची दहा मिनिटं आवरायला ठेवा. अर्धवट वस्तू नाव लिहून खोक्यात, ग्लू गन एकाच टेबलावर आणि बंद. नाहीतर पुढच्या तासाची पहिली वीस मिनिटं ‘माझी तार कुणी घेतली’ यात जातात.