डायलिसिसवर आहे, तहानेपुढे मनाचा ताबा सुटतो

सोलापूरकर:
वय 52, एसटीत कंडक्टर होतो. 14 महिन्यांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. लघवी जवळपास बंद झालीय, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला 700 मिली पाणी सांगितलंय, त्यातच चहा, ताक, आमटी. दिवस कसाबसा जातो. रात्री दोनला जीभ टाळूला चिकटते आणि मी माठापाशी जातो. शनिवारनंतर थेट मंगळवारी नंबर असतो. गेल्या मंगळवारी वजन 4 किलो वाढलेलं. एवढं पाणी काढताना पोटऱ्यांत गोळे आले, बीपी उतरलं. बायको तिथंच रडली. आता तिनं माठ कुलपात ठेवलाय. मला माझीच लाज वाटते. मन घट्ट कसं करायचं?

अकोल्याची ताई:
भाऊ, आधी लाज सोडा. मी सहा वर्षं डायलिसिसवर आहे, इथले मे महिने काढलेत. पहिलं वर्ष तहानेशी भांडले आणि रोज हरले. घसा कोरडा पडल्यावर कोणाचाच निग्रह टिकत नाही. तो जेवायला बसतानाच करायचा. मीठ पोटात गेलं की शरीर पाणी मागणारच. माझा ठेचा आणि पापड सुटायला महिना गेला, जेवण अगदी मातीसारखं लागायचं. आता लिंबू, लसूण, जिरेपूड पुरते.
सकाळी बाटली मोजून भरते. चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून तुळशीला. त्यातलंच 100 मिली रात्रीसाठी बर्फ करून ठेवते. दोन खडे चघळले की झोप लागते. आपल्या वाटचं शिल्लक आहे एवढं माहीत असलं तरी जीव घाबरा होत नाही.
वहिनींना म्हणावं, कुलूप काढा. कुलूप दिसलं की मन चोरवाटच शोधतं.

डायलिसिस टेक्निशियन:
ताईंशी सहमत. फक्त ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, तुमच्या हृदयाला ते घातक. शहाळ्याचंही तेच. आणि मधुमेह आहे का? साखर चढली तरी अशीच तहान लागते.

सोलापूरकर:
मधुमेह 20 वर्षं आहे. उद्याच साखर बघतो. ताई, दोन्ही वेळेला कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी लागते मला, तिचा तहानेशी संबंध कधी लावलाच नव्हता. बायकोला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तिनं काही न बोलता किल्ली माझ्या हातात दिली. फ्रीजमध्ये बर्फ लावलाय.