अनुभव धागा: चर्चमधली पेटी, मंडळीचा सूर, कोकणातला पाऊस आणि रविवारचं जेवण

खाडीकाठ
पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, झाकण उघडलं की ओल्या लाकडाचा आणि कापराचा जो वास येतो, तो कोकणातल्या चर्चमध्ये वाढलेल्या कुणालाही सांगावा लागणार नाही. आज तो आला, म्हणून हा धागा. उपासनेत गाणी घेणारे, क्वायर सांभाळणारे आणि त्यांच्याबरोबर संसार करणारे, सगळ्यांनी लिहा. साक्षी (श्रद्धेचे अनुभव) बुधवारच्या प्रार्थनेला द्या, इथे फक्त कामाचं.

पेटीपासून सुरू करते. पावसाळ्यानंतर उघडल्या उघडल्या वाजवू नका. वरची फळी काढून दोन दिवस सावलीत, पंख्याखाली ठेवा. उन्हात ठेवली तर लाकूड एका अंगाने आखडतं, चीर पडते, वारा गळतो, मग भाता कितीही मारा. दाबलेली पट्टी वर येत नसेल तर एक तर ती फुगून शेजारणीला घासतेय, नाहीतर खालची स्प्रिंग गंजलीय. घासत असेल तर कडेला अगदी बारीक पॉलिश पेपर, दोन-तीन हात, बस्स. हौसेने जास्त घासली की उन्हाळ्यात खडखडते. सूर (आतल्या रीड) पितळेचे, ते हिरवट पडतात पण टिकतात. स्प्रिंगा आणि स्क्रू लोखंडी, खाऱ्या हवेत पहिले तेच जातात. एखादा सूर मुका झाला तर जीभ आणि चौकटीच्या फटीत कण अडकलेला असतो. कागदाची पातळ पट्टी सरकवून काढा. सुईने खरवडू नका, सूर हलतो: टोकाशी खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो.

भाता_मारणारा
एक राहिलं. पेटीत बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत १५ वॅटच्या पिवळ्या बल्बची होती, उष्णतेसाठी. हल्ली लोक एलईडी लावतात आणि वर विचारतात, बुरशी कशी आली? एलईडीने पेटीतल्या झुरळांना वाचनाची सोय होते फक्त.

तिठ्यावरचो
बल्ब रातभर ठेव नको रे. लाकूड सुकान फाटता. संध्याकाळी तासभर पुरे. आणि उंदीर वायर खातत ता वेगळाच.

मीठागर
बल्बपेक्षा सिलिका जेल. निळे दाणे पाव किलो, सुती कापडाच्या दोन पुरचुंड्या, एक भात्याकडे आणि एक पट्ट्यांखाली. गुलाबी झाले की ओल भरली समजायचं. मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचं मीठ असतं, म्हणून ती कढई परत स्वयंपाकात नाही. जुनी कढई कायमची वेगळी काढा. डांबराच्या गोळ्या पट्ट्यांवर अजिबात ठेवू नका, प्लॅस्टिक विरघळतं.

क्वायरची_वहिनी
कढईचं बरं सांगितलंत 😀 काही घरांत त्याच कढईत पोहे होत असतील.

मधला_सा
पेटी टिकली, आता गाण्याच्या पट्टीचं बोला, म्हणजे 'सा' पेटीवर कुठे धरायचा त्याचं. निम्म्या मंडळ्यांत गाणं घेणारा स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतो आणि मागे लोक ओठ हलवत उभे राहतात. हिशोब सोपा आहे. साध्या मंडळीचा गळा वर पांढरी १ (सी) ते पांढरी २ (डी) पर्यंत आरामात जातो, पुरुष एक सप्तक खाली. चालीतला सगळ्यात वरचा सूर शोधायचा आणि तो तिथे बसवायचा. चाल तार सा ला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा ला, थांबत असेल तर पांढरी १ घ्या, फार तर २. तार ग ला जात असेल तर काळी ५ च्या वर नको, कारण काळी ५ चा ग म्हणजे पांढरी २. तार प ला जात असेल तर पांढरी ५. सकाळी ७ ची उपासना असेल तर अजून अर्धा सूर उतरवा, झोपेतून उठलेला गळा तेवढा खाली असतो.

दुसरा आजार ओढीचा. मोठ्या, उंच छपराच्या चर्चमध्ये मागच्या बाकांना आवाज उशिरा पोचतो, ते उशिरा गातात, पुढचे त्यांच्यासाठी थांबतात आणि चौथ्या कडव्याला गाणं बसतं. तबला जोरात मारून हे सुटत नाही. ओळीचा शेवटचा शब्द आखूड तोडायचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द ठळक, किंचित आधी घ्यायचा. श्वास दिसेल असा घ्यायचा, लोक तोंडाकडे बघून सुरू होतात.

ताल मुद्दाम अवघड करू नका. अभंगाच्या चालीला ८ मात्रांचा भजनी ठेका, इंग्रजी चालीची तीन-तीनची गाणी दादऱ्यात ६ मात्रांत, चार-चारची केरव्यात. रूपकाच्या ७ मात्रांत मंडळी हमखास एका मात्रेने पडते. रूपक क्वायरपुरता ठेवा.

कॅपोवाला
गिटारवाल्या पोरांसाठी: काळी १ म्हणजे कॅपो (तारा दाबणारा चाप) १, कॉर्डचे आकार सी चे. काळी २ ला कॅपो १, आकार डी चे. काळी ४ ला कॅपो १, जी चे. काळी ५ ला कॅपो ३, जी चे. कीबोर्डवर ट्रान्स्पोज केलंत (बटणाने पट्टी बदललीत) तर गाणं संपल्यावर शून्यावर आणा. नाहीतर पुढच्या गाण्यात गिटार एकीकडे, कीबोर्ड दुसरीकडे आणि पाळकसाहेब तिसरीकडे.

निर्मळकर
काळी-पांढरी तुमच्याकडे. वसईत नवी पोरं सरळ सी शार्प म्हणतात. बाकी मधला_सा यांचं पटलं, मिस्सालाही (कॅथलिक उपासनेलाही) तेच लागू. आमच्याकडे वरून दिनदर्शिकेचं भान लागतं. प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) गौरवगीत (ग्लोरिया) नाही आणि आलेलुयाही नाही. आगमनकाळात (नाताळआधीच्या आठवड्यांत) गौरवगीत नाही, पण आलेलुया आहे. नवीन संचालक इथेच अडकतात. पवित्र गुरुवारच्या गौरवगीतानंतर घंटा बंद, त्या थेट पुनरुत्थानाच्या जागरणविधीतल्या गौरवगीताला वाजतात. मधल्या काळात वाद्य वाजवलंच तर गाण्याला आधार म्हणून, एकटं नाही. गुड फ्रायडेला पेटीवाल्याने हात शिवशिवतात म्हणून मधे तुकडा टाकायचा नसतो.

रेवदंडा_जेट्टी
क्वायरचं गणित इकडे मासेमारीवर. बंदी १ जून ते ३१ जुलै, बोटी किनाऱ्याला. कोर्लईचा माउंट कार्मेल मातेचा सण १६ जुलैला, म्हणजे पुरुषांचे आवाज घरी. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की खालचे सूर गेले समुद्रात. म्हणून चार आवाजांची गाणी जून-जुलैत बसवावीत. नंतर एका किंवा दोन आवाजांची.

भाता_मारणारा
आणि तबलजी? वेलंकणी मातेचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) ३० ऑगस्टपासून, सण ८ सप्टेंबरला. बहुतेक वर्षी गणपती याच्याच आगेमागे. कोकणातला प्रत्येक तबला-पखवाजवाला तेव्हा भजनाच्या बारीत अडकलेला. जुलैतच शब्द घेऊन ठेवा, नाहीतर खंजिरीवर भागवा.

तिठ्यावरचो
खंजिरी वायट नाय. लादीनीक, म्हणजे क्रुसाकडच्या प्रार्थनेक, काय तबलो नेतंस?

भाता_मारणारा
खरं आहे भाऊ. पण क्रुसाकडे लादीन मे महिन्यात, तेव्हा पाऊस तरी नसतो. जुलैत तबल्याचं चामडं ओल पितं आणि सूर उतरतो. तुम्ही ठोकून चढवता, चर्चमध्ये पंखे लागले की अजून चढतो, मग वादी (चामड्याची दोरी) ताणून पुडी (तोंडावरचं चामडं) फाटते. उपासनेच्या अर्धा तास आधी तबला हॉलमध्ये उघडा ठेवा, मग लावा. शेकोटी, ऊन, हेअर ड्रायर काही नको, शाई (मधला काळा गोल) तडकते. साडेपाच इंची डग्गा काळी १ च्या आसपास

भाता_मारणारा
*डग्गा नाही, दायाँ. घाईत टाईप केलं, गॅसवर दूध आहे.

मधला_सा
दूध उतू गेलं का?

पत्र्याखाली
आमच्यासारख्या पत्र्याच्या प्रार्थनागृहवाल्यांसाठी कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. पाऊस पत्र्यावर आला की माइक वाढवायचा मोह होतो आणि शिट्टी सुरू होते. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून, कानाच्या उंचीच्या वर. माइक ओठांपासून दोन-तीन बोटं. हातभर लांब धरून व्हॉल्यूम वाढवला तर शिट्टी वाजणारच. मिक्सरवर मधल्या सुरांचं (मिड) बटण थोडं उतरवा, शिट्टी बहुतेक २-३ किलोहर्ट्‌झच्या आसपास सापडते. न वापरलेले माइक बंद, प्रत्येक चालू माइक शिट्टीला एक दार उघडं ठेवतो. आणि मुसळधार असेल तेव्हा वाचन-उपदेश थांबवून सगळ्यांना माहीत असलेलं गाणं घ्या, हे ध्वनियंत्रणेपेक्षा चांगलं चालतं.

जॅक हिरवे पडले तर गंज काढायचा साधा तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ बसते. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो तो वापरा. लांब केबलला तीन पिनांची माइकवाली. गिटारची साधी केबल दहा मीटर ओढली की घूंऽऽ आवाज येतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर, तोही शुद्ध साइन वेव्हचाच, स्वस्तातला घेतलात की अँप्लिफायर गुणगुणतो. मिक्सर, दोन स्पीकर, कीबोर्ड धरून ३०० वॅट लागत असतील तर १५० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी तीन-साडेतीन तास काढते. त्यावर पंखे जोडू नका. कुणीतरी जोडतंच.

क्वायरची_वहिनी
"कुणीतरी" म्हणजे खजिनदार 🙏

मीठागर
कीबोर्डचा अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून हाताला लागेल तो लावू नये. कुठे १२ व्होल्ट, कुठे साडेनऊ, आणि पिनच्या आत धन की ऋण हेही वेगळं. मागे छोटं चित्र छापलेलं असतं, ते जुळवा.

फॉन्टग्रस्त
पडद्यावर गाणी दाखवणाऱ्यांनो, एकच विनंती. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली फाईल दुसऱ्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांची भेळ होते. युनिकोडमध्ये घ्या, तरीही शनिवारी पीडीएफ करूनच न्या. पानावर चार ओळी, त्याहून जास्त नाही, अक्षर ४० च्या खाली नाही. धृपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा टाका. मागे-पुढे पानं उलटताना ऑपरेटर चुकतो आणि मंडळी दुसऱ्या कडव्यावर दुसऱ्यांदा जाते. गाण्याचा 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातला क्रमांक कोपऱ्यात द्या, आजी-आजोबांच्या हातात पुस्तकच असतं.

निर्मळकर
पुस्तकावरून आठवलं, टिळकांच्या चाली अजून घेता का तुम्ही? आमच्या पोरांना ते नाव कवितेच्या धड्यातलं वाटतं.

मधला_सा
घेतो तर. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, म्हणजे हक्काने कोकणचे. ओवी-अभंगाचा घाट असल्यामुळे ज्यांना नोटेशन येत नाही त्यांनाही ती गाणी दोन वेळा ऐकून येतात. टाळ आणि पेटी पुरते. ड्रमसेट लावून घेतलेत तर मात्र शब्द ऐकू येत नाहीत, आणि तिथे शब्दांसाठीच गायचं असतं.

कॅपोवाला
ड्रमवर राग काढू नका दादा 😅 काठ्या बदलून ब्रश वापरला की पत्र्याखालीसुद्धा चालतो.

क्वायरची_वहिनी
आता घरचं. गाणारा माणूस रविवारी ६ ला बाहेर पडतो आणि दीडला उगवतो, बरोबर दोन पाहुणे. म्हणून रविवारचं जेवण शनिवारी अर्धं व्हायला हवं. ओल्या खोबऱ्याचं वाटण शनिवारी करू नका, एप्रिल-मेत फ्रिजमध्येही आंबूस होतं. कांदा आणि सुकं खोबरं काळपट भाजून, पाणी न घालता वाटलं तर दोन दिवस टिकतं. कोंबडीला मीठ-हळद-आलं-लसूण लावून ठेवायचं, सकाळी फक्त फोडणी. मासळी मात्र सकाळीच. शनिवारचा भरून ठेवलेला बांगडा आणि उपदेश, दोन्ही लांबले की बिघडतात.

शनिवारी रात्री गाणाऱ्याला तळलेलं, तिखट आणि उशिरा जेवण नको, पित्त वर येतं आणि सकाळी घसा खरखरीत. हळदीचं दूध प्यायचं तर झोपायच्या दोन तास आधी. बर्फाचं पाणी, सोलकढी यावर भांडण नको, ज्याचा त्याचा घसा. मिस्सावाल्यांनी कम्युनियनच्या आधीचा तासभराचा उपवास धरूनच नाश्त्याची वेळ ठरवावी, पाणी आणि औषध चालतं.

खाडीकाठ
वहिनी, हे छापून फ्रिजवर लावते.

पत्र्याखाली
मयताचं कुणी लिहिलं नाही. फोन कधीही येतो, म्हणून सहा गाण्यांची यादी पाकिटात कायमची: दोन घरी, दोन वाटेवर, दोन खड्ड्याशी. सगळी वाद्याशिवाय जमणारी, पट्टी कमी, कारण रडणाऱ्या माणसांना वरचे सूर झेपत नाहीत. वाटेवरचं गाणं चालीच्या पावलात हवं, मिनिटाला साठ-पासष्ट ठोके. पावसात जांभ्याच्या खड्ड्यात पाणी भरतं, ते उपसेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यासाठी एक लांब कडव्यांचं गाणं राखून ठेवा. शांतता लांबली की लोक आपापसात बोलायला लागतात, घरच्यांना ते टोचतं.

तिठ्यावरचो
खरा. 🙏

रेवदंडा_जेट्टी
विषय बदलतो. नाताळ फेरीची परवानगी कधी काढायची?

निर्मळकर
नोव्हेंबरातच अर्ज टाका. २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत मिळू शकते, ते दिवस जाहीर होतात, तुमच्या जिल्ह्याच्या यादीत नाताळ आहे का ते बघून घ्या. फेरी वाडीवाडीतून नेताना मोठा स्पीकर नकोच. पेटी गळ्यात, एक ढोलक, आठ-दहा गळे. एका घराला दोन गाणी, तिसऱ्याला चहा येतो आणि पुढची चार घरं उपाशी राहतात.

फॉन्टग्रस्त
चहा नाही हो, कुलकुल (नाताळचा तळलेला गोड पदार्थ) येतात. आणि ते दगड असतात.

क्वायरची_वहिनी
दगड होतात कारण मोहन कमी आणि पीठ घट्ट. अर्धा किलो मैद्याला दोन मोठे चमचे कडकडीत तूप, एक अंडं, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, बाकी नारळाचं दूध लागेल तसं. अर्धा तास झाकून ठेवायचं. काट्याच्या मागच्या बाजूवर दाबून गुंडाळायचं आणि कड नीट चिकटवायची, नाहीतर तेलात उलगडते. मोहन वाढवू नका, तेलात विरघळून जातात.

रेवदंडा_जेट्टी
नवीन कंगवा वापरला तर चालतो का काट्याऐवजी?

क्वायरची_वहिनी
चालतो, रेघा जास्त सुबक येतात. आच मध्यम ठेवा. तेल गार असेल तर तेलकट, फार तापलं तर बाहेरून लाल आणि आत कच्चे. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफ धरली की दुसऱ्या दिवशी मऊ.