जीएसटी क्रमांकाची अट: रिक्वायर्ड_इफ पुरत नाही

वेब फॉर्ममध्ये 'ग्राहक व्यापारी असेल तरच जीएसटी क्रमांक सक्तीचा' हे कसं करायचं, या प्रश्नाला एकाने लारावेलचा (वेबसाइट बनवायची पीएचपी चौकट) रिक्वायर्ड_इफ सुचवलाय, म्हणजे दुसऱ्या रकान्यात ठरावीक उत्तर असेल तरच हा रकाना सक्तीचा करणारा नियम. बरोबर आहे, पण अपुरा. कुणी 'व्यापारी' निवडून अर्धवट क्रमांक टाकला आणि मग 'घरगुती' केलं, तर नुसत्या सीएसएसने (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडने) लपवलेल्या रकान्यातला मजकूर सर्व्हरला जातोच. तिथे रेजेक्स (क्रमांकाचा साचा तपासणारा नियम) अडतो, आणि चूक दिसत नाही म्हणून माणूस बटण दाबत बसतो. त्या रकान्याच्या नियमांत पहिला एक्स्क्लूड_अनलेस ठेवा; 'व्यापारी' निवडलेलं नसेल तर तो हा रकाना तपासणीतून वगळतो.

जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांतले पहिले २ अंक राज्याचे: कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. ते बिलाच्या पत्त्याशी ताडा, माल पोचवायच्या नव्हे. बिल कोल्हापूरच्या पेढीचं, माल कर्नाटकातल्या निपाणीला, हे आपल्याकडे चालायचंच! तिथे २७ बघून फॉर्म अडला तर गिऱ्हाईक गेलं.