नवजात बाळाची कावीळ आणि मेंदूचे संरक्षण

प्रश्न : भाचीच्या बाळाला कावीळ झाल्यामुळे निळ्या प्रकाशाखाली ठेवले आहे. बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे पिवळे द्रव्य) मेंदूत जाऊ नये म्हणून हा उपाय आहे, असे डॉक्टर म्हणाले. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा जन्मतः अपुरा असतो का? मेंदूत रोगप्रतिकारक पेशी नसतात, हेही खरे का?

प्रतिसाद १ : अडथळा जन्मतः नसतोच, हा समज चुकीचा आहे. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडण्याचे काम गर्भावस्थेतच सुरू होते. मात्र बिलिरुबिन मेदात विरघळणारे असल्याने अल्ब्युमिन या रक्तातील प्रथिनाला बांधलेले असेपर्यंतच ते रक्तात अडकून राहते. मोकळे बिलिरुबिन वाढले, तर ते पेशींमधून थेट पार होते आणि मेंदूच्या खोल भागातील केंद्रांना कायमची इजा करू शकते. निळा प्रकाश त्याचे रूप बदलतो, त्यामुळे ते पित्तातून व लघवीतून बाहेर पडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत अल्ब्युमिन कमी असते, म्हणून त्यांच्याबाबत डॉक्टर अधिक लवकर उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

प्रतिसाद २ : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. मेंदूत मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी असतात आणि त्यांचा उगम मला फार विलक्षण वाटतो : त्या अस्थिमज्जेतून नव्हे, तर भ्रूणाच्या पीतक कोशातून येतात आणि गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच मेंदूत वस्ती करतात. जंतूंशी लढण्याखेरीज त्या नको असलेले चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोडही काढून टाकतात. उंदरांवरील प्रयोगांत त्यासाठी सी१क्यू आणि सी३ ही रोगप्रतिकारक यंत्रणेतील संरक्षक प्रथिने वापरली जाताना दिसली आहेत.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. बाळाचे पुढचे बिलिरुबिन तपासले की डॉक्टरांना अल्ब्युमिनबद्दलही विचारते.