डब्याच्या दुधात पामतेल : शी त्यामुळंच घट्ट होते का?

मलप्रभाकाठ (खानापूर)
बाळ साडेतीन महिन्यांचं. आईच्या दुधावर दोन वेळा डब्याचं दूध. शी लेंड्यांसारखी, रडून-कुंथून होते. डब्यावर ‘पाम ओलेइन’ लिहिलंय. सासूबाई म्हणतात, डबा बंद करा, म्हशीचं दूध निम्मं पाणी घालून द्या आणि बोटभर तूप चाटवा. काय करू?

जवसफूल (निपाणी)
ताई, पामतेल उगाच घातलेलं नसतं. आईच्या दुधातल्या स्निग्धाम्लांत २० ते २५ टक्के पामिटिक असतंच, त्याची भरपाई म्हणून ते घालतात. फरक जागेचा आहे. स्निग्धाचा रेणू म्हणजे तीन दात्यांचा दाताळा समजा. आईच्या दुधात पामिटिक बहुतेक मधल्या दात्यावर, पामतेलात कडेच्या. पाचकरस कडेचे दाते तोडतो. सुटलेलं पामिटिक आतड्यात कॅल्शियमला धरतं आणि त्याचा चक्क साबण होतो, न विरघळणारा. शी घट्ट होते, थोडं कॅल्शियमही वाया जातं.

डबा बदलायचाच तर बाळाच्या डॉक्टरांना विचारून. सूर्यफूल, सोया, खोबरेल यांचं मिश्रण असलेला, नाहीतर ‘ओपीओ’ किंवा ‘एसएन-२ पामिटेट’ (म्हणजे पामिटिक मधल्या दात्यावर असलेलं स्निग्ध) लिहिलेला बघा. दुसरा महाग पडतो.

शिगेचा_चमचा (चिकोडी)
आधी चमचा तपासा हो! बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, पण आपल्या डब्यावरचंच माप धरा. शीग भरली किंवा भुकटी दाबली की दूध दाट होतं आणि त्यानंही शी घट्ट होते. पाणी आधी, उकळून अर्ध्या तासाच्या आतलं; भुकटी नंतर, सुरीच्या पाठीनं सपाट करून. मग कोमट करून पाजा. उरलेलं ओतून टाका.

जवसफूल (निपाणी)
म्हशीचं दूध नकोच. त्यात प्रथिनं ४ टक्क्यांच्या आसपास, आईच्या दुधात जेमतेम १. निम्मं पाणी घातलं तरी दुप्पट राहतात, मूत्रपिंडावर ताण येतो. वर लोह नगण्य, आणि लिनोलेइक आम्ल (शरीराला स्वतः बनवता न येणारं, बाळाला लागणारं स्निग्धाम्ल) पाण्यानं आणखी पातळ.

मलप्रभाकाठ (खानापूर)
शीगच भरत होतो आम्ही! आणि तूप?

शिगेचा_चमचा (चिकोडी)
मध वर्षाचं होईपर्यंत नकोच, आणि सहा महिन्यांआधी तूप, गुटी काही नको. सहा महिन्यांनंतर नाचणी सत्त्वाच्या वाटीत अर्धा-एक छोटा चमचा तूप घाला, एखाद्या दिवशी त्याऐवजी सोयाबीन तेल. तुपात लिनोलेइक फार कमी. सध्या आईचं दूध जितक्या वेळा पाजता येईल तितकं पाजा. शीत रक्त, पोट टम्म किंवा हिरवी उलटी दिसली तर इथं विचारत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.