पक्षी नसलेला ‘रेन डे’: परंपरा की नुसती वर्गणी?

कुंपणकाठी
26 डिसेंबर, सेंट स्टीफन या ख्रिस्ती संताचा दिवस, म्हणजेच ‘रेन डे’. आयर्लंडच्या खेड्यांत या दिवशी पोरं रेन (आयरिशमध्ये द्रोलीन) नावाचं चिमुकलं पाखरू मारायची, हॉली या काटेरी पानांच्या झाडाच्या फांदीला बांधायची आणि वाजतगाजत दारोदार न्यायची. पैसे मागायचे ते त्याच्या अंत्यविधीच्या नावानं. जो देणार नाही त्याच्या दाराशी पाखरू पुरायचं, म्हणजे वर्षभर त्या घराचं नशीब फिरलं! आता फांदीवर खोटा पक्षी असतो, नाहीतर काहीच नसतं. मढंच नाही तर अंत्यविधी कसला? माझ्या मते उरली ती वर्गणी.

तिरकी टिटवी
वजन जेमतेम 10 ग्रॅम, आणि म्हणे अंत्यविधी! ‘शिकार’ कशी व्हायची तेही सांगा की. दोघं-तिघं कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून काठ्यांनी झुडपं झोडपायचे. रेन लांब उडत नाही. जमिनीलगत फडफडत पुढच्या झुडपात शिरतो. तिथून पुन्हा हुसकायचा. चार-सहा वेळा असं झालं की दमतो, मग दगड नाहीतर काठी.
त्यातून महिना डिसेंबर. डब्लिनला उजेड जेमतेम साडेसात तास, तेवढ्यात कीटक-कोळी शोधून रात्रीपुरती ऊब साठवायची. कडाक्याच्या थंडीत हे पक्षी एका ढोलीत दाटीवाटीनं झोपतात. इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये एका घरटेपेटीत 61 मोजलेत. आयर्लंडमध्ये 1976 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण दिलं ते बरंच झालं.

जुनी वही
कुंपणकाठी, तुम्ही पक्ष्याला फार धरून बसलात. त्याला मारायचं कारण तरी एक कुठे आहे? कुणी म्हणतं, लपलेल्या स्टीफनचा ठावठिकाणा त्यानं ओरडून उघड केला. कुणी म्हणतं, आयरिश लोक झोपलेल्या शत्रूवर चालून जात होते, तेवढ्यात हा ढोलावर पडलेले पावाचे कण टिपायला लागला आणि त्या टकटकीनं शत्रू जागा झाला. शत्रू कधी समुद्रावरून चालून आलेले व्हायकिंग, कधी इंग्रज सेनानी क्रॉमवेलचे सैनिक. मध्ये आठेकशे वर्षं, ढोल तोच! कारण बदललं तरी फेरी चालली. मग पक्षी बदलल्यानं काय बिघडतं?

कुंपणकाठी
कारणं बदलली, पण आरोपी कधीच बदलला नाही, हे तुमच्याच उदाहरणांत आहे. गरुडाच्या पिसांत लपून वर जायचं, गरुड थकला की त्याच्याही वर उडायचं आणि पक्ष्यांचं राजेपद घ्यायचं, ही गोष्टही याचीच. इतर दिवशी राजा आणि स्टीफनच्या दिवशी गुन्हेगार, या विरोधातच सगळी मजा आहे. लाकडी ठोकळ्याला तो कुठून येणार?

पेंढीवाला
दोघेही पाखरावर भांडताय. खरी अडचण पेंढ्याची आहे. रेन बॉइज, म्हणजे ही फेरी काढणारे, तोंड झाकतात. गवती सोंगात कोण आहे हे शेजाऱ्यालाही कळू नये, ही निम्मी गंमत. त्याला ओटचा लांब, न चेचलेला पेंढा लागतो. कंबाइन हार्वेस्टर तो मळणीत मोडतो, त्यातून हल्लीचे वाण बुटके. म्हणून थोडं पीक मुद्दाम विळ्यानं किंवा बाइंडरनं (कापून पेंढ्या बांधणाऱ्या जुन्या यंत्रानं) कापून, पेंढ्या बांधून कोरड्या जागी ठेवावं लागतं. वळताना पेंढा आधी पाण्यानं शिंपडायचा, नाहीतर गाठीशी तुटतो. ओलाच रचून ठेवला तर काळा पडून कुजतो. शंकूसारखी टोपी, खांद्यावरचा झगा आणि कमरेचा घागरा, तिन्ही वेगळे वळतात. हे करणारे हात संपले तर पक्षी खरा की खोटा, हे विचारायलाही कोणी उरणार नाही.

तिरकी टिटवी
हे पटलं. केरी परगण्यातल्या डिंगलला आजही गल्लीगल्लीचे जथे बासरी-ढोलावर निघतात, गवती सोंगं असतात, लाकडी घोडाही असतो. गर्दी पाखरू बघायला येत नाही.

कुंपणकाठी
पेंढ्याचं मान्य. पण मग त्या दिवसाला ‘पेंढा डे’ म्हणा, द्रोलीनचं नाव कशाला वापरता?